मॅगझिन बदलले की मोजणीही बदलते

वाचकाचे पत्र: मी मूळचा साताऱ्याचा. गेली चौदा वर्षे अमेरिकेत असून सध्या डॅलसजवळ राहतो. मागील वर्षी ग्रीन कार्ड हाती आले आणि शाळेत एनसीसीमध्ये लागलेली नेमबाजीची हौस पुन्हा जागी झाली. एका सहकाऱ्याकडून जुनी रशियन ‘सायगा’ रायफल घेतली आणि एका दुकानातून युगोस्लाव्हियात बनलेली एसकेएस ही जुनी लष्करी रायफल. सायगाचा शिकारी धाटणीचा साधा दस्ता काढून तिला घडीचा दस्ता आणि पिस्तुलासारखी मूठ बसवावी असा विचार आहे. युरोपातून आलेले सुटे भाग स्वस्तात मिळत आहेत. एसकेएसवरची संगीन आणि ग्रेनेड डागण्याचे तोंड पत्नीला पाहवत नाही, म्हणून ते काढून हलका प्लॅस्टिकचा दस्ता लावायचा आहे. नेमबाजीच्या रेंजवरचा एक मित्र म्हणतो की यातले काहीही केले तर तो गुन्हा आहे. दुसरा म्हणतो, भाग मोजायला कोण येतो? शिवाय साताऱ्याला काकांकडे आजोबांची इंग्लिश दुनळी बंदूक आहे, ती इकडे आणता येईल का? दिवाळीनंतर वडील इकडे येणार आहेत, त्यांनाही एकदा रेंजवर न्यावे अशी इच्छा आहे. — एक सातारकर

प्रिय सातारकर,

आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण चूक होण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त आहे आणि आपल्याला तिची शंकाही आलेली दिसत नाही. आपले वडील पर्यटक व्हिसावर येणार असतील, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार त्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक दहा मिनिटे हातात धरणे हेही बाळगणेच ठरते. हीच मनाई नोकरीच्या एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसावरील मंडळींनाही लागू आहे. तरीही शनिवारी रेंजवर जाऊन काढलेली छायाचित्रे आपल्या ओळखीतले किती तरी जण निर्धास्तपणे सर्वांना पाठवत असतात. या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यांपैकी आपल्या उपयोगाचा अपवाद मोठा चमत्कारिक आहे: त्या व्यक्तीकडे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असेल, तर मनाई उठते. जन्मात ससाही न मारलेल्या गृहस्थाने कागदी लक्ष्यावर नेम धरण्यासाठी शिकारीचा परवाना काढावा हे ऐकायला हास्यास्पद वाटते, परंतु कायदेशीर मार्ग तोच आहे, आणि टेक्सासमध्ये परराज्यातील व परदेशी व्यक्तींनाही तो परवाना मिळतो. तेवढी खटपट नको असेल तर त्यांना एअर रायफल द्यावी. केंद्रीय कायद्यातील बंदुकीची व्याख्या स्फोटक दारूच्या जोराने गोळी फेकणाऱ्या शस्त्राची असल्यामुळे हवेच्या दाबावर चालणारी रायफल त्या व्याख्येत येत नाही. दहा मीटरवरील नेमबाजीत दुपार मजेत जाते, आणि आपल्या वडिलांच्या पिढीने जत्रेत फुगे फोडलेले असतातच.

आता आयातीकडे वळतो. आपल्या दोन्ही मित्रांची गोची एकाच ठिकाणी झालेली आहे. ही बंदूक किती धोकादायक आहे, हा प्रश्न कायद्याने विचारलेला असेल असे दोघेही गृहीत धरतात. अमेरिकेतील आयातीचा कायदा जुन्या जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा आहे. त्याला मालाच्या गुणांशी फारसे कर्तव्य नसते. माल कोणत्या वाटेने आला, कधी आला आणि कोणत्या रूपात आला, एवढेच तो पाहतो. हे एकदा ध्यानात घेतले की पुढील सगळ्या विसंगती निदान समजू तरी लागतात.

या कारकुनाची नेमणूक १९६८ साली झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफलींचे ढीग अमेरिकेत येऊन टपालाने विकले जात असत. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या ज्या इटालियन कार्कानो रायफलीने झाली, ती दुर्बिणीसह १९.९५ डॉलरला अशाच टपाली जाहिरातीवरून मागवलेली होती. त्या धक्क्यानंतर आणि आणखी दोन राजकीय हत्यांनंतर जो कायदा झाला, त्यात परदेशी बंदूक ‘क्रीडेच्या उपयोगासाठी विशेष योग्य’ असेल तरच ती देशात येऊ शकेल अशी अट घातली गेली. देशात बनणाऱ्या बंदुकीला मात्र ही अट नव्हती आणि आजही नाही. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटलेले सिनेटर थॉमस डॉड हे कनेक्टिकटचे होते आणि कोल्टसारखा जुना कारखाना त्याच राज्यात होता, हा योगायोग मला कधीच पूर्णपणे योगायोग वाटलेला नाही. पण तो माझा ग्रह समजा.

या अटीने काय केले याचे सर्वांत बोलके उदाहरण वॉल्थर या जर्मन कंपनीचे आहे. पिस्तूल आयात करण्यासाठी गुणपत्रिका तयार करण्यात आली. त्यात किमान लांबी आणि चार इंच उंची असावीच लागते, त्यावर वजन, नळी, सुरक्षा-कळी, नेम धरण्याची सोय अशांचे गुण मिळतात आणि एकूण ७५ गुणांना उत्तीर्ण. वॉल्थरचे छोटे पीपीके पिस्तूल या परीक्षेत बसेना. कंपनीने मग आपल्याच जुन्या, थोड्या उंच पीपी पिस्तुलाचा सांगाडा घेतला, त्यावर पीपीकेची नळी आणि स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग चढवला आणि त्या जोडकामाला पीपीके/एस असे नाव दिले. सुमारे पन्नास ग्रॅम वजन वाढले, एक काडतूस जास्त बसू लागले आणि पिस्तूल ‘क्रीडायोग्य’ झाले. पुढे १९८०च्या दशकात मूळचे छोटे पीपीके परवान्याने अमेरिकेतच बनू लागले आणि कोणाचीच हरकत उरली नाही. ग्लॉक या ऑस्ट्रियन कंपनीच्या १९ क्रमांकाच्या आयात पिस्तुलाचा चाप खाचांचा असतो आणि त्याहून मोठ्या १७ क्रमांकाचा गुळगुळीत, यामागेही तीच गुणपत्रिका आहे: खाचांचा चाप हा स्पर्धेचा चाप मानला जातो आणि त्याचे गुण मिळतात. नेमबाजाच्या बोटाला त्या खाचा टोचतात, म्हणून हौशी लोक घरी नेऊन त्या घासून टाकतात किंवा चापच बदलतात, आणि तसे करण्यात गैर काही नाही. कारकुनाने माल पाहून झालेला असतो.

पिस्तुलाच्या बाबतीत नाका ओलांडल्यावर असे मोकळे सुटता येते. रायफलीच्या बाबतीत तसे नाही, आणि आपली सायगा नेमकी या फरकात सापडलेली आहे. जानेवारी १९८९मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे शाळेच्या पटांगणात मुलांवर एके-४७ धाटणीच्या, म्हणजे आपल्या सायगाच्याच घराण्यातल्या, आयात रायफलीने गोळीबार झाला. त्यानंतर काही महिन्यांतच लष्करी वळणाच्या ४३ अर्धस्वयंचलित (चापाच्या एका ओढीला एक गोळी सोडून पुढची आपोआप चढवणाऱ्या) रायफलींची आयात कायमची बंद करण्यात आली. व्यापाऱ्यांनी लगेच वाट काढली: रायफल आणता येत नाही ना, मग तिचे भाग आणून इथे जोडू. ती वाट बुजवण्यासाठी १९९० साली कलम ९२२(आर) आले. जी अर्धस्वयंचलित रायफल किंवा जी शॉटगन क्रीडायोग्य नाही म्हणून आयात करता येत नाही, तिच्यासारखीच हुबेहूब बंदूक आयात भागांपासून इथे जोडण्यास या कलमाने मनाई केली. मग आयात भागांपासून म्हणजे किती भागांपासून, असा प्रश्न आला आणि नियमावलीने वीस भागांची यादी करून ठरवले की त्यांपैकी दहापेक्षा जास्त भाग परदेशी असता कामा नयेत.

आपली सायगा कारखान्यातून निघताना साध्या शिकारी दस्त्यासह आणि काडतुसे भरायच्या छोट्या मॅगझिनसह निघाली, म्हणून ती क्रीडायोग्य ठरून आत आली. ती तशीच ठेवली तर सगळे भाग रशियन असूनही तिच्यात आक्षेपार्ह काही नाही. आपण तिला पिस्तुलासारखी मूठ किंवा घडीचा दस्ता बसवलात की ती बंदी असलेल्या रूपात जाते आणि त्या क्षणी मोजणी सुरू होते. मोजून पाहू. रिसीव्हर, नळी, नळी धरून ठेवणारा ठोकळा, बोल्ट, बोल्ट कॅरिअर, गॅस पिस्टन, चाप, घोडा, डिस्कनेक्टर, दस्ता, नळीखालचा हातधर, आणि मॅगझिनचे तीन भाग म्हणजे पेटी, काडतुसे वर ढकलणारी पट्टी आणि तळाचे झाकण: एकूण चौदा. मर्यादा दहाची आहे, म्हणजे चार भाग अमेरिकन हवेत. चाप, घोडा आणि डिस्कनेक्टर यांचा अमेरिकन संच एकत्रच मिळतो, ते तीन झाले. दस्ता अमेरिकन घेतला की चार. नवी मूठ हा वाढीव भाग असल्याने ती अमेरिकन असलीच पाहिजे, नाही तर परदेशी भाग पुन्हा अकरा होतील. स्क्रू, स्प्रिंगा आणि पिना यादीत नसल्यामुळे त्या कुठल्याही देशाच्या चालतात.

आता आपल्या स्वस्त युरोपीय घडीच्या दस्त्याचा विचार करा. तो लावलात तर परदेशी भागांची संख्या अकरा होते. ती खाली आणण्यासाठी आपण अमेरिकन मॅगझिन वापरलेत तर तीन वजा होऊन आठ उरतात आणि सगळे ठीक दिसते. पण एखाद्या रविवारी शेजारच्या नेमबाजाने आपले बल्गेरियन मॅगझिन प्रेमाने पुढे केले आणि आपण ते खटकन बसवलेत, की आठाचे पुन्हा अकरा. रायफल तीच, नेमबाज तोच, लक्ष्यही तेच. हातातले मॅगझिन बदलले म्हणून कायदेशीर रायफलीची बेकायदेशीर रायफल झाली. माझ्या पाहण्यात बंदुकीच्या कायद्यातील याहून विचित्र गणित आलेले नाही. म्हणूनच माझा सल्ला असा की मॅगझिनच्या तीन भागांवर विसंबून कधीही हिशेब जुळवू नये. रायफलीला कायम जोडलेल्या भागांतूनच दहाच्या आत यावे, आणि शक्य तर हातधरही अमेरिकन घेऊन नऊवर थांबावे. युरोपीय दस्त्यावर वाचणारे चाळीस-पन्नास डॉलर या डोकेदुखीच्या मोलाचे नाहीत.

बहुतेक अमेरिकन भागांवर कारखान्याचे चिन्ह असते, पण सर्वांवर नसते, आणि कायद्यानेही ते सक्तीचे केलेले नाही. मी एका प्रदर्शनात ‘अमेरिकन’ म्हणून घेतलेला चापाचा संच घरी आणून पाहिला तर त्यावर एक अक्षरही नव्हते, आणि विकणाऱ्याने पावतीवर नुसता ‘पार्ट्स’ एवढाच शब्द लिहिलेला होता. तो संच अजून खणात पडून आहे. आपण भाग नाव छापलेल्या दुकानातूनच घ्यावेत, पावतीवर भागाचे पूर्ण नाव आणि कारखाना येईल असे पाहावे आणि सगळ्या पावत्या एका पाकिटात रायफलीच्या पेटीतच ठेवाव्यात. शिवाय सगळे अमेरिकन भाग हातात येईपर्यंत स्क्रूड्रायव्हर लावू नये, कारण कलमाचा शब्द ‘जोडणे’ असा आहे. मूठ आधी बसवली आणि चापाचा संच पुढच्या पगारानंतर, असे केलेत तर मधला महिनाभर आपण गुन्ह्यात असाल.

भाग मोजायला कोण येतो, असे म्हणणारा आपला दुसरा मित्र अनुभवाने बोलतो आहे. रेंजवर कोणी मोजणी करत फिरत नाही आणि केवळ या कलमाखाली हौशी माणसाला ओढल्याचे मी पाहिलेले नाही. परंतु तो मित्र बहुधा इथे जन्मलेला असावा. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि ग्रीन कार्डधारकाच्या बाबतीत बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशाबाहेर पाठवण्याचे स्वतंत्र कारण आहे. एवढेच नव्हे, तर आपण पुढे नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा त्यात एक प्रश्न असेल: ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा आपण कधी केला आहे का? आपण आता हे उत्तर वाचले असल्याने त्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिताना आपल्याला अडखळावे लागेल. आपल्या मित्राला हा अर्ज कधी भरावा लागणार नाही. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, पण आपल्या हौसेचे मोल त्याच्या हौसेपेक्षा जास्त आहे, हे विसरू नये.

एसकेएसच्या बाबतीत माझे उत्तर छोटे आहे आणि ते आपल्या पत्नीला आवडणार नाही: तिला हात लावू नका. जुन्या लष्करी रायफलींवरील १९६८ची बंदी १९८४ साली संग्राहकांसाठी शिथिल झाली. पन्नास वर्षांहून जुन्या किंवा सरकारने संग्राह्य ठरवलेल्या रायफली तेव्हापासून मूळ रूपात आणता येतात. आपली युगोस्लाव्ह रायफल या वाटेने आलेली आहे, म्हणून तिच्यावरची संगीन आणि ग्रेनेडचे तोंड दोन्ही चालतात. किंबहुना ते आहेत म्हणूनच ती मूळ रूपात आहे आणि संग्राह्य आहे. तिचा लाकडी दस्ता काढून प्लॅस्टिकचा बसवलात, की ती संग्राह्य वस्तू उरत नाही, साधी आयात रायफल होते आणि सायगासारखी भागांची मोजणी तिलाही लागू होते. म्हणजे ग्रेनेडचे तोंड असलेली रायफल सोज्ज्वळ आणि ते काढून हलकी केलेली रायफल संशयास्पद! घरात भीती वाटत असेल तर ती कुलूपबंद कपाटात राहू द्यावी आणि रेंजवर नेण्यासाठी .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाची एखादी रायफल घ्यावी. १९८९ची बंदी ज्या निकषांवर बेतलेली आहे त्यांत .२२ रिमफायर मुळातच येत नाही, तिची काडतुसे स्वस्त आहेत आणि शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली रायफल नाही.

काडतुसांचा विषय निघालाच आहे, तर खर्चाचेही बोलू. आपल्या दोन्ही रायफली ७.६२ गुणिले ३९ मिलिमीटर मापाचे हेच काडतूस खातात आणि एके काळी ते रशियातून येई म्हणून स्वस्त होते. २०१४ साली कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध आले तेव्हा नव्या सायगा यायच्या थांबल्या (आपली जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली आहे, तिला त्याचा अडसर नाही), आणि सप्टेंबर २०२१पासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने मिळणे बंद झाले. दर महिन्याला दोन-तीनशे गोळ्या झाडण्याचा बेत असेल तर हा हिशेब दस्त्याच्या आधी करावा. आणि पुढेमागे नोकरीसाठी न्यू जर्सी, इलिनॉय किंवा कॅलिफोर्नियाला जाण्याची शक्यता असेल तर सायगाला मूठ न लावणेच शहाणपणाचे, कारण टेक्सासमध्ये चालणारे ते रूप त्या राज्यांच्या स्वतःच्या कायद्यांत अडकते.

राहिली आजोबांची दुनळी. अमेरिकेच्या बाजूने पाहिले तर दुनळी बंदूक हा क्रीडेच्या व्याख्येचा जणू नमुनाच आहे. आपल्याला स्वतःच्या नावाने ती आणता येणार नाही. इथल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत ‘फॉर्म ६’ भरून परवानगी घ्यावी लागेल आणि ती बहुधा मिळेल. बंदूक १८९८ साली किंवा त्याआधी बनलेली निघाली तर अमेरिकेचा कायदा तिला पुरातन समजून फॉर्मही मागत नाही. अडचण दुसऱ्या काठावर आहे. भारतातून शस्त्र बाहेर काढण्यासाठी १९५९च्या शस्त्र कायद्याखाली निर्यातीचा परवाना लागतो, आणि बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याचा प्रश्न उभा राहतो; त्या कायद्याखाली पुरावस्तू ठरलेली गोष्ट खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेताच येत नाही. अशा रीतीने बंदूक जितकी जुनी तितके अमेरिकेचे दार उघडे आणि भारताचे दार बंद. म्हणून आधी तिचे वय ठरवावे. नळ्या उतरवून त्यांच्या खालच्या बाजूस इंग्लंडच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतील, त्यांची स्पष्ट छायाचित्रे काकांकडून मागवावीत आणि जाणकाराला दाखवावीत. बंदूक काकांच्याच परवान्यावर आहे ना, हेही विचारून घ्यावे, कारण आजोबांच्या नावाचा परवाना तसाच पडून असेल तर तो प्रश्न निर्यातीच्या कितीतरी आधी सोडवावा लागेल. माझे मत विचाराल तर ती काकांकडेच असू द्यावी.

साताऱ्याला जाऊन ती स्वतः पाहण्याचा विचार मनात आला तर उत्तमच. फक्त रेंजवर नेत असलेली पिशवी प्रवासाला घेऊ नका. तिच्या अस्तरात अडकलेले एखादे विसरलेले काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणांत दिसले तर भारताच्या शस्त्र कायद्याखाली ती विनापरवाना आयात ठरू शकते, आणि मग सुट्टी वकिलाच्या बाकावर जाते. नवी बॅग घ्या.